क्लिप, तार आणि पाव मिलिमीटर

(ठाण्यात पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

"दातांची क्लिप कधी निघेल?" हा प्रश्न ती बसायच्या आधीच विचारला जातो, आणि तो रास्त आहे. कुणाचं दहावीचं वर्ष असतं, कुणाचं लग्न ठरलेलं असतं. उत्तर देण्याआधी दात हाडात कसा बसलेला असतो ते सांगतो.

भिंतीत खिळा ठोकावा तसा दात हाडात ठोकलेला नसतो. दाताचं मूळ आणि हाड यांच्यामध्ये साधारण पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा पडदा असतो. तारेने दात हलकाच रेटला की पुढच्या बाजूचं हाड विरघळत जातं आणि मागे मोकळ्या झालेल्या जागेत नवीन हाड भरतं. तार फक्त जोर लावते, खरं काम हाडातल्या पेशी करतात. त्यांचा वेग महिन्याला जेमतेम 1 मिलिमीटर. म्हणून बहुतेकांना दीड ते दोन वर्षं लागतात.

मग जोर वाढवला तर? त्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या चेपतात, पेशी मरतात आणि हाड विरघळायचंच थांबतं. दात काही आठवडे जागचा हलत नाही, दुखतो मात्र जास्त, शिवाय मुळाचं टोक झिजण्याचा धोका वाढतो. "डॉक्टर, जरा घट्ट करा, लवकर होईल" याला नाही म्हणावं लागतं ते याचसाठी. सुरुवातीची तार निकेल-टायटॅनियमची, 0.014 इंचासारखी बारीक असते. वाकवली तरी ती हळूहळू मूळ आकारात येते आणि दातांना सोबत नेते. जाड, चौकोनी स्टीलची तार कित्येक महिन्यांनी येते.

दुखणं तार बसल्यावर काही तासांनी सुरू होतं, दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं आणि आठवड्याभरात ओसरतं. तोवर मऊ भात, खिचडी, दहीपोहे. गोळी लागलीच तर पॅरासिटामॉल, मुलांना वजनाप्रमाणे. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या रोज घेत राहू नका, दात सरकण्याची प्रक्रिया त्यांनी मंदावू शकते.

आता सगळ्यात जिव्हाळ्याचा प्रश्न: "चांगले दात का काढायचे?" इथे विश्वासावर जाऊ नका, हिशोब मागा. दातांचा साचा किंवा स्कॅन घेतल्यावर प्रत्येक दाताची रुंदी मोजता येते. त्यांची बेरीज आणि जबड्यातली उपलब्ध जागा यांतला फरक म्हणजे कमी पडणारी जागा. ती 3 मिलिमीटर असेल तर दात काढायची गरज सहसा पडत नाही. दातांच्या कडा किंचित घासूनही जागा मिळते: प्रत्येक कडेचं पाव मिलिमीटर इनॅमल (दाताचं वरचं कठीण आवरण), म्हणजे दोन दातांच्या मधे अर्धा मिलिमीटर. पण 9-10 मिलिमीटर कमी पडत असतील, किंवा दात इतके पुढे असतील की ओठ मिटायला हनुवटी आवळावी लागते, तर घासून भागत नाही. उपदाढ, म्हणजे सुळ्यामागची लहान दाढ, साधारण 7 मिलिमीटर रुंद असते. दोन्ही बाजूंची एकेक काढली की 14 मिलिमीटर मिळतात. ती न काढता दात ओळीत दाटीने बसवले तर ते हाडाच्या कडेबाहेर ढकलले जातात आणि पुढे हिरडी खाली उतरते. ओपीजी (सगळ्या दातांचा एकत्र एक्स-रे) आणि डोक्याचा बाजूने काढलेला एक्स-रे न पाहताच कुणी "दात काढायलाच लागतील" किंवा "अजिबात नाही" असं सांगितलं, तर दोन्ही उत्तरांवर थांबू नका. आणि वेडेवाकडे दात अक्कलदाढ ढकलते म्हणून होतात, हा समज मनातून काढून टाका.

घरी काय बिघडतं? ब्रॅकेट, म्हणजे तार धरून ठेवणारा दातावरचा छोटा तुकडा, निघतं. ते मुद्दामच अशा गोंदाने चिकटवलेलं असतं, जो शेवटी इनॅमल न तोडता सुटेल. त्यामुळे चिक्की, ऊस, कणीस, सुपारी, बर्फ आणि दिवाळीतली कडक चकली बंद. मिसळीतलं फरसाण रश्शात पूर्ण भिजू द्या. वडापाव पुढच्या दातांनी तोडू नका, हाताने तुकडे करून दाढेने खा. ब्रॅकेट निघालं की तो दात मोकाट सुटतो, आणि महिनाभर न सांगता राहिलात तर तेवढं काम मागे जातं.

तार गालाला टोचली तर ती जागा आधी कापसाने कोरडी करा, मगच क्लिपसाठीचं मेण वाटाण्याएवढं घेऊन, मळून दाबा. ओल्यावर मेण टिकत नाही. मे महिन्यात गावी जाताना मेणाची डबी बॅगेत असू द्या.

हळदीने पिवळी पडतात ती ब्रॅकेटभोवतीची रबरं, सिरॅमिक ब्रॅकेट नव्हे. ती दर खेपेला बदलतात. त्याहून कितीतरी गंभीर गोष्ट म्हणजे ब्रॅकेटच्या कडेने उमटणारे खडूसारखे पांढरे डाग. घासणं नीट नसेल तर ते महिन्याभरात दिसू लागतात आणि क्लिप निघाल्यावरही राहतात. ब्रश हिरडी आणि ब्रॅकेट यांच्या मधल्या पट्टीवर फिरला पाहिजे, तारेखालून बारीक ब्रश, आणि पेस्ट फ्लोराइडची.

वरच्या आणि खालच्या दातांमध्ये ताणून लावायची रबरं दिवसाला 20-22 तास हवीत. थुंकीत त्यांचा ताण उतरतो म्हणून रोज नवी. एक दिवस विसरलं तर दुसऱ्या दिवशी दोन-दोन लावू नका. जास्त जोराने काय होतं ते आत्ताच सांगितलं.

पारदर्शक अलाइनर, म्हणजे दातांवर घालायचे आणि काढता येणारे प्लास्टिकचे साचे, हेच काम पाव-पाव मिलिमीटरच्या टप्प्यांनी करतात, रोज 22 तास घातले तर. पाण्याखेरीज काहीही घेताना काढायचे. दिवसाला पाच चहा घेणाऱ्याने हा हिशोब घरीच करून बघावा.

वयाला वरची मर्यादा नाही. हिरड्यांचा आजार आणि मधुमेह मात्र आधी आटोक्यात हवा. मुलांना सातव्या वर्षी एकदा दाखवा. तेव्हा क्लिप लावायची नसते, पण वरची ओळ खालच्या ओळीच्या आत बसत असेल किंवा अंगठा चोखायची सवय असेल तर ते तेव्हाच सावरता येतं.

खर्च झेपत नसेल तर उपचार सोडू नका. सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय, मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय, नेरूळची दंत महाविद्यालयं, इथे या शाखेचे, म्हणजे ऑर्थोडॉन्टिक्सचे, पदव्युत्तर विभाग आहेत. ठाण्याहून नेरूळला थेट लोकल आहे. वेळ जास्त द्यावा लागतो. उपचार करणाऱ्याकडे बीडीएस या दंतवैद्यकीच्या पदवीनंतरची, याच विषयातली तीन वर्षांची एमडीएस ही पदव्युत्तर पदवी आहे का, हे कुठेही निःसंकोच विचारा.

राहिला रिटेनर, म्हणजे क्लिप निघाल्यावर दात जागेवर धरून ठेवायला घालायचं साधन. क्लिप निघते तेव्हा दात जागेवर आलेला असतो, पण हिरडीतले ताणलेले तंतू नव्या जागेला रुळायला वर्षभर घेतात, तोवर ते दाताला मागे ओढतात. म्हणून पहिले काही महिने दिवसरात्र, मग रोज रात्री, आणि दात सरळ हवे आहेत तोवर रात्री. रिटेनर गरम पाण्याने धुऊ नका, वाकडा होतो. हॉटेलात कागदी रुमालात गुंडाळू नका, ताटाबरोबर कचऱ्यात जातो, डबीतच ठेवा. चार दिवस राहून गेलं आणि घालताना घट्ट लागला, पण पूर्ण बसला, तर पुन्हा दिवसरात्र घालायला लागा. पूर्ण बसतच नसेल तर दाबून बसवू नका, त्याच आठवड्यात दाखवायला या.