उद्घाटनानंतरचा इंजिनिअर

(इंदूरच्या मराठी मंडळींसमोर झालेलं भाषण, थोडं संपादित करून)

मंडळी, इंदूरकराला पाण्याचं मोल सांगायला मी आलेलो नाही. १९७८ पासून आपण नर्मदेचं पाणी पितो. नर्मदाकाठच्या जलूदहून सत्तरेक किलोमीटर, मध्ये विंध्याचा चढ. हजार लिटर पाणी पाचशे मीटर चढवायला कागदावरच १.३६ युनिट वीज लागते. पंप-मोटरची तूट धरली की दोनच्या आसपास. मोठं शहर कुरकुरत का होईना, हे बिल भरतं. देपालपूर, गौतमपुरा, हातोद यांच्यासारख्या आसपासच्या छोट्या नगर परिषदांनी काय करायचं?

त्यांना बहुतेक वेळा मोठ्या शहराचीच योजना आखूड करून मिळते. सल्लागार नेमतात तो डीपीआरपुरता, म्हणजे योजनेचा सविस्तर अहवाल लिहिण्यापुरता. फी पुष्कळदा खर्चाच्या टक्क्यांत, म्हणजे पाइप जाड आणि टाकी उंच, तर आमचंही भलं. मी याच धंद्यातला. हे ऐकून काही मित्र चहाला बोलवायचे थांबतील, थांबू देत.

भुयारी गटाराचं बघा. केंद्राच्या १९९९ च्या पाणीपुरवठा मॅन्युअलमध्ये गटार नसलेल्या गावाला माणशी रोज ७० लिटर पाणी धरलं होतं, असलेल्याला १३५. त्यातलं ८० टक्के सांडपाणी होतं. वीस हजार वस्तीला ७० लिटरच मिळत असेल, तर गटारात उतरणार जेमतेम ११ लाख लिटर. पाइप मात्र १३५ लिटरच्या हिशेबानं आणि तीस वर्षांनंतरच्या वस्तीसाठी आखलेला. मैला वाहून जायला पाण्याला सेकंदाला ०.६ मीटर तरी वेग हवा. एवढ्याशा धारेला तो येत नाही. गाळ बसतो, चेंबर तुंबतं, आणि लोक म्हणतात ठेकेदारानं खाल्लं. खाल्लंही असेल, पण इथे मूळ दुखणं आराखड्यातच आहे. अशा गावात सेप्टिक टँक नीट बांधून घेणं, दोन-तीन वर्षांनी ते उपसणं आणि उपसलेला गाळ शेतात-नाल्यात न ओतता वाळवायला जागा करणं, हे खरं इंजिनिअरिंग. यात फीत कापायला काही नसतं. होळकर दरबारानं बोलावलेल्या पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकारानं १९१८ च्या अहवालात महागड्या गटारयोजनेपेक्षा मैला बागांच्या खतासाठी वापरण्याचा मार्ग सुचवला होता, तो अहवाल कितीजणांनी उघडून पाहिला असेल कोण जाणे.

आता नळाकडे या. दिवसाआड पाऊण तास पाणी. व्हॉल्व्हमन चावी फिरवतो आणि पहिली बादली गढूळ येते. बायका ती अंगणात ओतून देतात. पाणी बंद असताना लाइन रिकामी होते, आतला दाब पडतो आणि शेजारच्या नालीतलं पाणी ढिल्या जॉइंटमधून आत ओढलं जातं. फिल्टर प्लांट कितीही चकचकीत असला तरी उपयोग नाही. म्हणून तपासायचं ते शेवटच्या नळाशी: काचेच्या नळीत पाणी घ्या, क्लोरीन तपासायची गोळी टाका, गुलाबी रंग तक्त्याशी ताडा. लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी क्लोरीन शिल्लक हवं. रंगच आला नाही, तर वरच्या गल्लीतले जॉइंट त्याच दिवशी तपासायला लावा.

हे रोज करणार कोण? एकेका गावाला स्वतंत्र इंजिनिअर परवडत नाही, हे कबूल. पण चार-पाच नगर परिषदांनी मिळून एक इंजिनिअर, एक इलेक्ट्रिशियन आणि तपासणीची एक पेटी ठेवावी. नव्या योजनांच्या करारात सल्लागाराची निम्मी फी पाच वर्षांत विभागून द्यावी: शेवटच्या नळाचा क्लोरीन आणि पंपाचं वीजबिल दर महिन्याला बघून. पहिला करार माझ्याशीच करा, सही करायला मी तयार आहे.