लंडनला नको ते वोकिंगला

(मंडळाच्या मेळाव्यातलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडी काटछाट करून.)

नमस्कार मंडळी. आत मसालेभाताचं पातेलं उघडलंय, वास इथपर्यंत आलाय, तेव्हा फार ताणत नाही.

आपल्यातले निम्मेअधिक लोक लंडनजवळच्या वोकिंगात किंवा त्याच्या आसपास राहतात, आणि भारतातून कुणी विचारलं की सरळ 'लंडन' सांगून मोकळे होतात. मीही तेच करतो. कारण गाव म्हणून सांगणार काय? किल्ला नाही, कथीड्रल नाही. ते सगळं शेजारच्या गिल्डफर्डच्या वाट्याला गेलं. आपल्याकडे स्टेशन, दुकानं, पार्किंग आणि अलीकडे उगवलेले उंच टॉवर. इंग्रज माणूससुद्धा वोकिंगचं नाव काढलं की जरा नाक मुरडतो. पण या गावाचा इतिहास मला भारी वाटतो. थोडक्यात सांगायचं तर लंडनला जे जे नकोसं झालं ते ते वोकिंगला धाडलं गेलं. त्या यादीत आपण अगदी शेवटी येतो.

मूळ वोकिंग हे नव्हेच. ते वे नदीकाठी, आज ज्याला ओल्ड वोकिंग म्हणतात ते. जुनं चर्च आहे, आठव्या हेन्रीच्या राजवाड्याचे थोडेफार अवशेष आहेत. १८३८ च्या मे महिन्यात साउदॅम्प्टनकडे जाणारी रेल्वे लंडनहून इथपर्यंत आली तेव्हा ती या गावात शिरलीच नाही. मैल-दीड मैल अलीकडे, उघड्या माळावर स्टेशन बांधलं. जमीन वाळूची, पीक धड येत नाही, हेदर आणि काटेरी गॉर्स तेवढं माजलेलं. स्टेशनचं नावसुद्धा वोकिंग कॉमन, म्हणजे गायरानच. आधी स्टेशन आणि मग बऱ्याच वर्षांनी गाव, असा उलटा कारभार.

मग लंडनला पहिली अडचण आली ती मेलेल्यांची. १८४८-४९ च्या पटकीच्या साथीत शहरात सुमारे १४ हजार माणसं गेली. चर्चच्या आवारातल्या दफनभूमी आधीच तुडुंब होत्या. तेव्हा दोघा खटपट्या माणसांनी कल्पना काढली की रेल्वे आहे, माळ स्वस्त आहे, तर मृतांना गाडीत घालून तिकडेच का नेऊ नये? १८५२ मध्ये पार्लमेंटने कायदा केला, लंडन नेक्रोपोलिस कंपनी उभी राहिली, आणि तिने वोकिंगच्या माळाची दोन हजार एकरांहून जास्त जमीन घेतली. नोव्हेंबर १८५४ मध्ये त्याच माळावर ब्रुकवुडची दफनभूमी उघडली.

या गाडीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण असला नमुना पुन्हा होणे नाही. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनजवळ तिचं स्वतंत्र टर्मिनस होतं. दफनभूमीच्या आत दोन स्टेशनं होती, एक अँग्लिकनांचं आणि दुसरं बाकी सगळ्यांचं. डब्यांना तीन वर्ग, जिवंतांना आणि शवपेट्यांनाही. पहिल्या वर्गाने जाणाऱ्या शवपेटीला १ पौंड, तिसऱ्या वर्गाला अडीच शिलिंग. नातेवाइकांना परतीचं तिकीट मिळे, पेटीला एकेरी. लंडनच्या बिशपसाहेबांची आधी हरकत होती, की सभ्य घरातलं शव आणि वाह्यात माणसाचं शव एकाच गाडीतून कसं जाईल? म्हणून ही वर्गवारी. जात नसलेल्या देशाची ही गोष्ट बरं का! १९४१ च्या एप्रिलमध्ये बॉम्ब पडून ते टर्मिनस उद्ध्वस्त झालं तोवर ही गाडी या ना त्या रूपात चालू होती.

कंपनीचं गणित मात्र चुकलं. सगळं लंडन इथे पुरायला येईल अशी तिची अपेक्षा होती, तितकी गिऱ्हाइकं आली नाहीत. मग उरलेली जमीन विकायला काढली. म्हणजे वोकिंग शहर ज्या जागेवर उभं आहे तिचा बराच भाग स्मशान कंपनीने तुकडे पाडून विकलेले प्लॉट आहेत. नगररचना वगैरे कुणी केलीच नाही. आपला रस्ता मध्येच का वळतो आणि मध्येच का संपतो, याचं उत्तर इथे आहे. गिऱ्हाईक येईल तसा तुकडा कापला.

त्यात गिऱ्हाइकंही एकेक नामी. १८६० च्या सुमारास सरकारने आजारी कैद्यांसाठी नॅपहिलला तुरुंग बांधला. पुढे तिथे बायकांचाही तुरुंग झाला. त्या बायकांकडून संगमरवराच्या तुकड्यांची मोझेइकची लादी करून घेत. लंडनला व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्ये जाल तेव्हा वर बघत चालू नका, पायाखाली बघा. तिथली काही लादी वोकिंगच्या कैदी बायकांनी बसवलेल्या तुकड्यांची आहे. १८६७ मध्ये मनोरुग्णालय आलं. म्हाताऱ्या, निराधार नटांसाठी एक आश्रमवजा कॉलेज आलं. तेही चाललं नाही.

ती नटांची रिकामी इमारत घेतली डॉ. लाइटनर या गृहस्थांनी. जन्म बुडापेस्टचा, नोकरी लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात प्राचार्याची, आणि भाषा इतक्या येत की मोजणाराच थकावा. त्यांनी इथे पौर्वात्य विद्येची संस्था काढली आणि १८८९ मध्ये शेजारी मशीद बांधली. भोपाळच्या शाहजहान बेगमने पैसे दिले म्हणून ती शाहजहान मशीद. ब्रिटनमध्ये मशीद म्हणूनच बांधलेली ही पहिली वास्तू. हिरवट घुमटाची, बाहुलीच्या घरासारखी छोटी आणि देखणी. वॉटर्लूहून येताना स्टेशनच्या थोडं अलीकडे डाव्या खिडकीतून झाडांमध्ये बघा, फोन जरा खाली ठेवला तर.

आता जी गोष्ट सांगणार आहे ती जेवणाआधी सांगू नये, पण वेळच तशी मिळालीय. इंग्लंडमध्ये मृतदेह जाळणं ही तेव्हा कल्पनाच सहन होत नसे. १८७४ मध्ये सर हेन्री टॉमसन या सर्जननी दहनाच्या पुरस्कारासाठी संस्था काढली, आणि जागा कुठे मिळाली? अर्थात वोकिंगला, त्याच नेक्रोपोलिस कंपनीकडून. १८७९ मध्ये भट्टीत एक मेलेला घोडा जाळून चाचणी घेतली. गावचे धर्मगुरू खवळले, गृहमंत्र्यांकडे तक्रार गेली, काम थांबलं. १८८४ मध्ये वेल्समधल्या एका डॉक्टरने आपल्या तान्ह्या मुलाचं टेकडीवर दहन करायला घेतलं, खटला झाला आणि न्यायाधीशांनी दहन बेकायदा नाही असा निकाल दिला. तेव्हा कुठे, २६ मार्च १८८५ ला, वोकिंगला देशातलं पहिलं अधिकृत दहन झालं. त्या वर्षभरात फक्त ३.

ही तारीख वाचली की मला कोल्हापूरचे राजाराम महाराज आठवतात. इंग्लंडचा दौरा आटोपून परतताना १८७० मध्ये फ्लॉरेन्सला वारले, वयाच्या विशीत. तिथल्या अधिकाऱ्यांनी खास परवानगी दिली आणि आर्नो नदीकाठी चिता रचली गेली. त्यांची छत्री आजही तिथे उभी आहे. तेच काही आठवडे आधी, इंग्लंडात असताना झालं असतं तर? तेव्हा इथे दहनाची सोयच नव्हती. आज आपल्या माणसांना निरोप द्यायला आपण ज्या सहजतेने क्रेमेटोरियमची वेळ ठरवतो, ती वाट या माळावर पडली.

पारशांचं तर त्याहून जुनं. ब्रुकवुडमध्ये १८६० च्या दशकापासून त्यांची वेगळी जागा आहे. जमशेटजी टाटा १९०४ मध्ये जर्मनीत वारले, ते इथे आणले. धाकटे चिरंजीव सर रतन टाटा इथे. थोरले दोराबजी आणि मेहेरबाई इथे. नागपूरची एम्प्रेस मिल काढणारा, मुंबईत ताज उभं करणारा माणूस आपल्या घरापासून एका स्टेशनावर आहे, आणि आपण वीकेंडला काय करायचं म्हणून उसासे टाकतो!

पुढचं आटोपतं घेतो. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनच्या घरटंचाईतली माणसं शिअरवॉटरच्या वसाहतीत आली, तीही लंडन कौंटी कौन्सिलने बांधलेली. साठच्या दशकापासून पाकव्याप्त काश्मीरमधल्या मिरपूरकडची कुटुंबं आली. आणि त्याआधीच, १९३७ मध्ये मार्गाचं विद्युतीकरण झाल्यावर, रोज जाऊन-येऊन नोकरी करणाऱ्यांचा राबता वाढत गेला होता. सध्या जलद गाडीने अर्ध्या तासाच्या आत वॉटर्लू. सकाळी फलाटावर पाहा, दार नेमकं कुठे थांबतं ते माहीत असलेली माणसं तीन-तीनच्या घोळक्याने उभी असतात. कोणी बोलत नाही एवढं सोडलं तर डोंबिवलीच. फक्त चौथी सीट नाही, आणि जागा अडवायला रुमाल टाकलात तर कुणीतरी तुमचा पडला म्हणून उचलून देईल.

म्हणून 'या गावाला स्वतःचं काही नाही' हे मला पटत नाही. लंडन नाही म्हणालं त्यांना या माळाने जागा दिली. मनाच्या मोठेपणाने दिली असं मी म्हणणार नाही. जमीन विकायची होती, म्हणून दिली. पण दिली.

जाता जाता कौन्सिलबद्दल, म्हणजे इथल्या नगरपालिकेबद्दल, कारण त्याशिवाय वोकिंगची गोष्ट पुरी होत नाही. त्या टॉवरांसकटच्या गुंतवणुकीपायी २०२३ च्या जूनमध्ये कौन्सिलने हात वर केले. अपेक्षित तूट १२० कोटी पौंडांची. ज्या गावाची लोकसंख्या लाखाच्या किंचित वर, त्याची! त्यातही मौज अशी की ब्रुकवुडची दफनभूमी २०१४ पासून याच कौन्सिलच्या मालकीची आहे. तेव्हा बघायची तर लवकर बघून घ्या. ब्रुकवुड स्टेशनला उतरायचं, दक्षिणेच्या बाजूने बाहेर पडायचं, की समोर दफनभूमीच. पर्शियन धाटणीची टाटांची स्मारकं लांबून ओळखू येतात, पण जागा अफाट आहे, चुकायला होतं. पावसानंतर जाणार असाल तर बूट घाला, आणि मुलांना सांगून ठेवा की तिथे पळापळी नाही.

चला, ताटं मांडलीत.