टिकल्यांची बंदूक आणि फोकर विमान

(ठाण्यात नौपाड्यातल्या एका हॉलमध्ये झालेलं व्याख्यान, थोडं एडिट करून.)

मंडळी, ठाण्यात येऊन विमानांवर बोलायचं म्हणजे जरा जपूनच, कारण ठाणेकराशी वाहतुकीचा कुठलाही विषय काढा, तो 1853 वर जातो, पहिली गाडी आमच्याकडे आली म्हणतो आणि चर्चा संपते. तर आधी रेल्वेला नमस्कार. आयोजकांनी फोनवर विचारलं होतं की विमानवेड्या माणसाला बंदुकीशी काय देणंघेणं? सांगतो. विमान पडलं की जग विचारतं का पडलं, आणि कारण सापडेपर्यंत पिच्छा सोडत नाही. गोळी सुटली की विचारतं कुणी झाडली, तो सापडला की फाइल बंद. हे शेवटी नीट मांडतो, आधी एक किस्सा.

दिवाळी संपवून आम्ही घरचे सगळे विमानाने बंगलोरला चाललो होतो. सिक्युरिटीला बॅग एक्सरेमधून गेली आणि थांबली. भाच्याच्या सॅकमध्ये टिकल्यांची बंदूक! साहेब म्हणाले, ही नाही जाणार. माझी बहीण पेटली, अहो त्यात टिकल्यासुद्धा नाहीत, सगळ्या पाडव्यालाच उडवून संपवल्यात त्याने. मागे रांग वाढतेय, कुणीतरी 'चलो चलो' करतंय, मी हळूच म्हटलं ताई सोड, 1971 आठव. ती म्हणाली, माझा जन्म पंच्याहत्तरचा. (हशा) बंदूक गेली, पोरगं गेटपर्यंत भोकाड पसरून. माझी तक्रार बंदूक घेतली ही नाहीच, घ्यायलाच पाहिजे होती. तक्रार ही की सात वर्षांच्या पोराला कारण कुणी सांगितलं नाही. बोर्डावर चित्र आणि त्यावर लाल फुली, बस्स.

तर कारण ऐका. 30 जानेवारी 1971, इंडियन एअरलाइन्सचं 'गंगा' नावाचं फोकर एफ-27 श्रीनगरहून जम्मूला निघालं आणि दोन तरुणांनी ते लाहोरला नेलं. हत्यार काय? खेळण्यातलं पिस्तूल आणि लाकडाचा हातबॉम्ब! प्रवासी सुटले, विमान तिथेच जाळलं. भारताने लगेच पाकिस्तानी विमानांना आपल्यावरून उडायची बंदी केली, मग इस्लामाबादला ढाक्याला काही पाठवायचं तर श्रीलंकेला वळसा, अंतर दुपटीहून जास्त. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये युद्ध झालं, तेव्हा त्या वळशाची किंमत त्यांना कळली. युद्ध काही पिस्तुलाने जिंकलं नाही, पण एका खेळण्याने आख्खं आकाश बंद केलं हे विसरू नका.

आता फोकर हे नाव. अँथनी फोकर, डच माणूस, पहिल्या महायुद्धात जर्मनीत विमानं बांधायचा. तेव्हाचा प्रॉब्लेम असा की पायलटला सरळ समोर मशीनगन झाडायची, पण समोर स्वतःचाच पंखा फिरतोय. फ्रेंचांच्या रोलाँ गारोसने पंख्याच्या पात्यांना पोलादी पाचरी बसवल्या, लागली गोळी तर उडून जाईल, म्हणजे जुगारच. फोकरच्या कारखान्याने 1915 मध्ये असा जोड दिला की पातं समोर असताना गोळी सुटणारच नाही. मला हे फार आवडतं. बंदूक काढून घेतली नाही, पायलटला उपदेश केला नाही, चुकीच्या क्षणी गोळी सुटू नये एवढी सोय केली. (हो हो, त्याने समोरचे जास्त मेले, ते मान्य, तुम्ही तोंड वाकडं करू नका.)

आणि खेळण्यातल्या पिस्तुलाची गोष्ट तिथे संपत नाही. 20 डिसेंबर 1978, लखनौहून दिल्लीला निघालेलं विमान दोन पांडे मंडळींनी वाराणसीला नेलं, इंदिरा गांधींना तुरुंगातून सोडा म्हणून. हातात परत खेळण्यातलं पिस्तूल, जोडीला क्रिकेटचा बॉल. पुढे त्यांना काँग्रेसची तिकिटं मिळाली. आमच्या भाच्याची मात्र बंदूक जप्त. (हशा)

चिठ्ठी आली, दहा मिनिटं. पुढे हॉल बारशाला दिलाय म्हणे. बरं, पळवतो.

अमेरिका. शस्त्र बाळगायचा हक्क 1791 पासून घटनेत. तरी 1968 ते 72 मध्ये शंभरावर विमानं पळवली गेली, तेव्हा 5 जानेवारी 1973 पासून प्रत्येक प्रवाशाची तपासणी सुरू झाली, आणि बंदूकप्रेमी अमेरिकन निमूट रांगेत उभा राहिला. अजूनही विसरतात बरं का, 2023 मध्ये तिथल्या विमानतळांवर 6,737 बंदुका सापडल्या, बहुतेक भरलेल्या. म्हणजे हक्क आणि तपासणी एकत्र नांदतात, हे त्यांनीच दाखवलंय.

दुसरं. विमान अपघाताची चौकशी आंतरराष्ट्रीय नियमांनुसार दोषी ठरवायला नसते, पुढचा अपघात टाळायला असते. चरखी दादरीला 12 नोव्हेंबर 1996 ला दोन विमानं हवेत धडकली, 349 माणसं गेली, त्यानंतर आपल्याकडे विमानात टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची झाली. 2025 मध्ये अहमदाबादला 12 जूनला विमान पडलं, महिन्याभरात प्राथमिक अहवाल बाहेर, त्यावर भांडणं झाली, पण कागद लोकांसमोर आला. आणि बंदुकीचं? त्याच 1996 मध्ये अमेरिकन संसदेने आपल्या रोगनियंत्रण संस्थेला बजावलं की बंदूकबंदीच्या प्रचाराला पैसा वापरायचा नाही, घाबरून संशोधनच आटलं, पुन्हा निधी मिळायला 2019 उजाडलं. ऑस्ट्रेलियात त्याच 1996 मध्ये पोर्ट आर्थरला गोळीबारात 35 माणसं मेली, तिथे सरकारने साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका विकत घेऊन मोडल्या. एकाच वर्षाची ही दोन टोकं.

आपल्याकडे या. व्हाइसरॉय लिटनसाहेबाचा 1878 चा शस्त्रकायदा आपल्याला निःशस्त्र करायला होता, म्हणून तेव्हाचे पुढारी त्यावर चिडले होते, ते बरोबरच होतं. आताचा कायदा 1959 चा. पण 2024 च्या फेब्रुवारीत इथून तासाभरावर, उल्हासनगरला, पोलीस ठाण्यात सीनियर इन्स्पेक्टरच्या केबिनमध्ये गोळीबार झाला, गुन्हा आमदारावर. कोर्टात कोण दोषी ते ठरेल. माझा प्रश्न वेगळा: पोलीस ठाण्याच्या केबिनपर्यंत पिस्तूल पोचलं कसं, दारात कुणी का नाही काढून ठेवलं, आणि आज दुसऱ्या ठाण्यात ते अडेल का? याचा लोकांनी वाचावा असा अहवाल कुठाय?

शेवटचं, ते काका घड्याळ दाखवतायत. एअरलाइनच्या पायलटचं मेडिकल दरवर्षी, साठीनंतर सहा महिन्यांनी, सिम्युलेटरवर परीक्षाही वर्षातून दोनदा. बंदुकीच्या लायसन्सचं काय? 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या बंदुका तीनवरून दोन केल्या, छान, पण त्याच दुरुस्तीने लायसन्सची मुदत तीन वर्षांवरून पाच केली. मधल्या पाच वर्षांत त्या माणसाची नजर, दारू, डोकं, घरातली भांडणं कोण बघतं? मी म्हणतो पायलटचं वेळापत्रक उचला आणि बंदूकवाल्याला लावा, दरवर्षी मेडिकल, दरवर्षी रेंजवर परीक्षा, नापास तर हत्यार पोलीस ठाण्यात जमा. नवी मुंबईच्या विमानतळावर तुम्हाला घेऊन उतरणाऱ्या पायलटला हे रोज चालतं, तर कपाटात पिस्तूल ठेवणाऱ्याला का चालू नये? बोला, प्रश्न कुणाला आहेत? जिन्यात घेऊ, बारशाची मंडळी आली.