समासातली पेन्सिल

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या पावसाळ्यात गुडघ्याने मला दीड महिना घरात बसवलं. लेक वाचनालयातून पुस्तकं आणून द्यायची आणि मी खिडकीशी बसून एकामागून एक खून वाचायचे. चहाचा कप हातात देताना हे विचारायचे, "आज कितवा मुडदा?"

त्यातलं पहिलं पुस्तक अगाथा ख्रिस्तीचं, 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड'. 1926 सालचं. इतकं गाजलेलं पुस्तक, पण त्याचा शेवट आजवर मला कुणी सांगितला नव्हता, हे माझं भाग्यच. पन्नासेक पानं झाली असतील आणि एका नावाखाली पेन्सिलची जाड रेघ दिसली. शेजारी समासात मराठीत लिहिलेलं: "खुनी हाच!" माझा नुसता संताप झाला. वाचनालयाच्या पुस्तकावर असले उद्योग करणाऱ्यांना काय शिक्षा द्यावी, याचा विचार मी जेवण होईपर्यंत करत होते.

पण पुस्तक सोडवेना. किंग्ज ॲबट नावाचं खेडं. तिथे ख्रिस्तीबाईंचा डिटेक्टिव्ह प्वारो निवृत्त होऊन भोपळ्याच्या जातीतली एक भाजी लावत बसलाय, आणि ती मनासारखी येत नाही म्हणून वैतागून कुंपणावरून शेजाऱ्याकडे भिरकावतोय! शेजारी म्हणजे गावचे डॉक्टर शेपर्ड. सगळी गोष्ट तेच आपल्याला सांगतात. त्यांची बहीण कॅरोलाइन घराचा उंबरठा न ओलांडता गावातली प्रत्येक बातमी मिळवते. आमच्या चाळीत अशा एक काकू होत्या. गॅलरीत तांदूळ निवडता निवडता कुणाच्या घरी कोण आलं, किती वेळ बसलं आणि जाताना चेहरा कसा होता, सगळं त्यांना ठाऊक. मिस मार्पल या पुढे प्रसिद्ध झालेल्या डिटेक्टिव्ह म्हातारीचं बीज या कॅरोलाइनमध्ये असावं, असं ख्रिस्तीबाईंनीच आत्मचरित्रात म्हटलंय. मला विचाराल तर प्वारोपेक्षा कॅरोलाइनच जास्त आवडली.

शेवट मी सांगणार नाही. इतकंच सांगते, की शेवटचं पान संपल्याबरोबर मी पुन्हा पहिलं पान उघडलं. वाचकाला फसवलं म्हणून त्या काळी पुष्कळ लोक बाईंवर चिडले होते. मीही फसवणूक शोधायलाच बसले होते. सापडली नाही. सगळं समोर लिहून ठेवलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं.

मग लेकीने 'द मूनस्टोन' आणलं. विल्की कॉलिन्सची ही कादंबरी 1868 सालची, डिकन्सच्या साप्ताहिकातून क्रमशः आलेली. सोमनाथच्या देवळातल्या चंद्रदेवाच्या मूर्तीवरचा हिरा, 1799 मध्ये श्रीरंगपट्टण पडलं तेव्हाची लूट, अशी दणक्यात सुरुवात. पुढे मात्र मधला भाग फार लांबतो. दुपारी वाचायला घेतलं की डोळा लागायचा. तरी बेटरेज नावाच्या म्हाताऱ्या कारभाऱ्यासाठी मी ती पुरी केली. अडचण आली की हा गृहस्थ 'रॉबिन्सन क्रूसो' उघडतो आणि समोर येईल ते वाक्य देवाचा कौल म्हणून घेतो! आमचे आजोबा गुरुचरित्राचं पान असंच उघडायचे.

आणि मग आला जपानचा केइगो हिगाशिनो. 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स', मूळ पुस्तक 2005 सालचं. इथे खून कुणी केला हे लपवायचा प्रश्नच नाही, सुरुवातीलाच आपल्या डोळ्यांदेखत होतो. छळणारा घटस्फोटित नवरा दारात येतो, आणि आई व मुलगी मिळून त्याचा गळा आवळतात. शेजारी राहणारा इशिगामी हा गणिताचा शिक्षक. ही आई ज्या दुकानात काम करते तिथून तो रोज डबा विकत घेतो, त्यापलीकडे ओळख नाही. तो सगळं निस्तरायला पुढे होतो. आता उरलं काय, असं वाटतं ना? मी रात्री दोनपर्यंत जागी होते. पहिल्याच पानांत हा मास्तर सकाळी नदीकाठाने कामावर निघतो. आगगाडीच्या खिडकीतून शेतं बघावीत तसा तो भाग मी वाचला होता. लेखकाने जे ठेवायचं ते तिथेच ठेवलं होतं. याहून जास्त बोलले तर तुम्ही मला माफ करणार नाही.

बंगाली डिटेक्टिव्ह व्योमकेश बक्षी तुम्हाला दूरदर्शनवरून माहीत असेल. पण त्याचे जनक शरदिंदु बंद्योपाध्याय मुंबईत सिनेमासाठी लिहायला आले आणि 1952 मध्ये पुण्यात राहायला गेले, हे माहीत होतं? 'शैलरहस्य' या कथेत त्यांनी व्योमकेशला थेट महाबळेश्वरला आणलंय. कडाक्याची थंडी, ओस पडलेलं हॉटेल, आणि तिथून मित्राला, अजितला, लिहिलेली पत्रं. झकास! फक्त त्यात भूत येतं. स्वतःला सत्यान्वेषी म्हणवणाऱ्याच्या गोष्टीत भुताने मदत करावी, हे काही मला पटलं नाही. भूत असेल तर मग आम्ही वाचकांनी डोकं कशाला चालवायचं?

हां, ती पेन्सिल राहिलीच. ज्याच्या नावाखाली रेघ होती, तो खुनी नव्हता. मी मात्र पुस्तकभर त्याच्यावर डोळा ठेवून बसले, आणि खरा माणूस माझ्या समोरून गेला. पुस्तक परत करायच्या आदल्या दिवशी ती रेघ पुसायला खोडरबर घेतला. शेवटचं पान उलटलं तर तिथे, त्याच अक्षरात, बारीक लिहिलेलं होतं: "चुकलो."

मी खोडरबर ठेवून दिला.

नमस्कार.