आधी अंक मोजा, मग तुलना

नमस्कार मंडळी. मोठा आकडा कुठला हे ओळखायचं तर आधी अंक मोजायचे. परत सांगते, आधी अंक मोजायचे, पहिला अंक कुठला ते नंतर.

आमच्या गावच्या देवस्थानाच्या आंबा कलमांचा लिलाव, ही गोष्ट मी सगळीकडे सांगते. त्या वर्षी तोंडी बोली नको म्हणून बंद पाकिटं मागवली. (मला विचाराल तर बोली तोंडीच हवी, माणसांनी समोरासमोर बसून बोलावं, गावात हल्ली तेच कमी झालंय.) तर तीन पाकिटं आली, आणि स्वल्पविराम कुणीच दिलेला नाही, अंक सगळे सलग. ९८७५०, १०२०३० आणि १०२३००. फोडायला बसलेल्या पोराने घाईघाईत नऊवाला कागद वर ठेवला, म्हणाला हाच मोठा! मागे आमची आत्या बसलेली, जन्मभर मासे विकलेली बाई, ती म्हणाली, "थांब रे झिला, आधी मोज बघूया." आणि कागदावर बोट ठेवून उजवीकडून सुरू, एकं, दहं, शतं, हजार, दशहजार... नऊवाला तिथेच संपला, बाकीचे दोघे लाखाच्या घरात पोचले. मग त्या दोघांत डावीकडून बघत गेली, लाखाच्या घरात एक-एक सारखा, दशहजारात शून्य-शून्य, हजारात दोन-दोन, आणि शतकाच्या घरात एकाकडे शून्य, दुसऱ्याकडे तीन. "झाला, ह्योच मोठो!" पुढचे अंक तिने बघितलेसुद्धा नाहीत, कारण गरजच नाही. फरक फक्त २७० रुपयांचा होता, पण कलमं त्यालाच मिळाली.

म्हणजे मोजायचं उजवीकडून, तुलना डावीकडून. मोजायचं उजवीकडून, तुलना डावीकडून.

आता २०११ च्या जनगणनेचे आकडे घ्या. सिंधुदुर्ग ८,४९,६५१ आणि गडचिरोली १०,७२,९४२. आठ बघून फसू नका, सिंधुदुर्गाचे अंक सहा, गडचिरोलीचे सात, गडचिरोली मोठा. पुणे ९४,२९,४०८ आणि मुंबई उपनगर ९३,५६,९६२, दोन्हीकडे सात अंक, दशलाखात नऊ-नऊ, लाखाच्या घरात चार आणि तीन, पुणे पुढे. आणि बातम्यांत ते मिलियन मिलियन कशाला करतात कळत नाही, सरळ दहा लाख म्हणा ना, आपल्या माणसाला लगेच समजतं. तेव्हाचा ठाणे जिल्हा, पालघर वेगळा व्हायच्या आधीचा, १,१०,६०,१४८. आठ अंक, कोटीच्या घरात गेला, तो या सगळ्यांत वर, मग पुणे, मुंबई उपनगर, गडचिरोली आणि शेवटी आमचा सिंधुदुर्ग.