कंदीलपुष्पाच्या पोटातली माशी

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

कार्यक्रमपत्रिकेवर ‘सह्याद्रीतील कंदीलपुष्पे : वर्गीकरण आणि प्रजनन’ असा विषय छापला आहे. त्यातला ‘आणि’ माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण आपल्याकडे वर्गीकरण करणारे एका खोलीत बसतात, प्रजननाचा अभ्यास करणारे दुसऱ्या खोलीत बसतात आणि मधले दार फारसे उघडले जात नाही. एखाद्या वनस्पतीला शास्त्रीय नाव मिळाले, शोधनिबंध छापून आला, वर्तमानपत्रात छायाचित्र आले, की तिचे काम झाले असे आपण समजतो. माझे म्हणणे असे आहे की तिचे खरे काम त्या दिवशी सुरू होते. ते कसे, हे सेरोपेजिया, म्हणजे कंदीलपुष्पे, या एकाच प्रजातीच्या (अनेक जाती सामावणाऱ्या गटाच्या) आधाराने सांगतो.

इथे बसलेल्या बहुतेकांनी ही कंदीलखरपुडी कास, आंबोली किंवा हरिश्चंद्रगडावर पाहिलेली असेल, त्यामुळे ओळख करून देण्यात वेळ घालवत नाही. लिनियसने 1753 साली ही प्रजाती नोंदवली, तीही मलबारातल्या वनस्पतींवर ग्रंथ करणाऱ्या डच अधिकारी ऱ्हीडच्या चित्राच्या आधारे. पुढे हूकर, कुक, ब्लॅटर, मॅक्कॅन अशी वनस्पतिशास्त्रज्ञांची परंपरा चालत आली. 1984 साली भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या अन्सारी यांनी भारतातल्या सर्व जातींचा आढावा ग्रंथरूपाने घेतला, आणि त्यानंतर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. आर. यादव व त्यांच्या विद्यार्थ्यांनी ही मोजदाद कितीतरी पुढे नेली. नाशिकजवळच्या अंजनेरीवरून अंजनेरिका ही जाती आली, कोकणातून कोंकणेन्सिस आली, आणि अगदी अलीकडे, 2024 साली, विशाळगडावरून शिवरायीना आली. भारतात आज पन्नासाहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या अनेक फक्त पश्चिम घाटात, काही तर दोनचार डोंगरांपुरत्याच उरल्या आहेत. याचे कारण उघड आहे. जांभ्याचे सडे, बेसाल्टचे कडे आणि उतारांवरची गवताळ पट्टी ही ठिकाणे एकमेकांपासून तुटलेली आहेत. अंजनेरीच्या पठारावरच्या झाडाचे बी आंबोलीच्या सड्यावर सहजासहजी पोचत नाही.

आता फुलाकडे येतो. इथे थोडा जास्त वेळ घेणार आहे, आणि तो घेतल्याबद्दल मला मुळीच खंत नाही, कारण सृष्टीत याहून सुबक यंत्र मी पाहिलेले नाही.

फूल म्हणजे एक नळी. तळाशी ती फुगीर असते आणि वर पाच पाकळ्या टोकाशी जुळून पिंजऱ्यासारखा कळस करतात. गंध मुख्यतः या टोकांकडून सुटतो. आपल्या नाकाला तो बहुधा कळतही नाही, पण चिलटाएवढ्या, दोनतीन मिलिमीटरच्या माश्यांना तो बरोबर कळतो. माशी पाकळीवर उतरते, निसरड्या पृष्ठभागावरून घसरते आणि नळीत पडते. नळीत आतून खाली वळलेले केस असतात, त्यामुळे खाली जाता येते, वर येता येत नाही. मासे धरायच्या बांबूच्या सापळ्याचे तोंड आठवा. तळाच्या फुग्यात अनेक जातींना अर्धपारदर्शक खिडक्या असतात. सुटकेची वाट शोधणारी माशी उजेडाकडे म्हणजे तळाकडेच जाते आणि तिथे नेमका फुलाचा स्त्री-पुरुष अवयवांचा स्तंभ उभा असतो. मधाच्या थेंबासाठी तिने तोंड खुपसले की दोन परागकोशांच्या मधल्या अरुंद फटीत तिची सोंड अडकते, आणि ती ओढून काढताना सोंडेला एक बारीक चिमटा आणि त्याला जोडलेली परागपुंजांची जोडी चिकटून येते. मग बहुधा एखाद्या दिवसाने नळीतले केस कोमेजतात, फूल कलते आणि माशी मोकळी होते. दुसऱ्या फुलात ती पुन्हा फसली आणि तो पुंज नेमक्या फटीत जाऊन बसला, तरच परागण होते. एक फूल फसवून भागत नाही, तीच माशी दोनदा फसावी लागते! सभागृहातल्या अनुभवी मंडळींना हे फारसे अवघड वाटणार नाही, पण माशीच्या बाबतीत हे जमणे कठीण असते, आणि म्हणूनच फुले पुष्कळ आणि शेंगा मोजक्या, असे या वनस्पतींचे चित्र दिसते.

हरिश्चंद्रगडाच्या पठारावर सेरोपेजिया लॉई ही सरळ उभी वाढणारी जाती आहे. हूकरने 1883 साली तिचे वर्णन केले आणि नंतर ती अनेक दशके कोणाला सापडली नाही, म्हणून ती नामशेष झाली असेच लोक धरून चालले होते. तिच्याच एका गळून पडलेल्या फुलाची नळी मी ब्लेडने उभी चिरली होती. आत एक मेलेली माशी होती, आणि भिंगाखाली धरल्यावर तिच्या सोंडेवर पिवळसर, मेणचट असे दोन थेंब एकाच तपकिरी चिमट्याला लटकलेले स्पष्ट दिसले. वनस्पतीची ओळख पटवायला लागणारे सगळे वर्णन माझ्या वहीत होते. ही माशी मात्र कोणत्याही वर्णनात नव्हती.

आणि इथे माझी जुनी तक्रार सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. एका वनस्पती-संग्रहालयात मी या प्रजातीच्या वाळवलेल्या नमुन्यांची पत्रके काढून पाहत होतो. कागदावर चिकटवलेले फूल म्हणजे तपकिरी रंगाची एक चपटी पट्टी. नळीची गोलाई गेलेली, ठिपके गेलेले, आतल्या, स्तंभाभोवतीच्या मुकुटाचे पाच भाग एकमेकांवर दाबून एकजीव झालेले. आणि चिठ्ठीवर काय? ‘पश्चिम घाट, दुर्मीळ.’ फुलाचा रंग नाही, उंची नाही, कडा की सडा याचा पत्ता नाही, फूल मद्यार्कात वेगळे जपल्याची नोंद नाही. या प्रजातीत पाने आणि खोड यांवरून जाती ठरवणे बऱ्याचदा अशक्य असते. ओळख फुलात असते आणि फूल ऑगस्ट-सप्टेंबरचे काही आठवडे असते. ते काही आठवडे कोणी चार तास पायपीट करून गाठले, नमुना आणला, आणि मग पाच ओळी लिहायचा कंटाळा केला! शे-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या संग्राहकांकडे कॅमेरा नव्हता, त्यांचे समजू शकते. आज खिशात कॅमेरा असताना आपल्या चिठ्ठ्या त्यांच्याहून गरीब का असाव्यात? विद्यार्थ्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे की फूल दाबण्याआधी त्याचा उभा छेद घ्या, त्याचे छायाचित्र काढा आणि आत कोण सापडले ते लिहा.

संयोजकांनी वेळ संपत आल्याची चिठ्ठी पाठवली आहे, तेव्हा उरलेले भराभर सांगतो.

वर्गीकरणाची चौकट आपल्या डोळ्यांदेखत हलते आहे. रुईचे कुल म्हणून आपण शिकलो ते आता करवंद-कण्हेरीच्या मोठ्या कुलात विलीन झाले आहे. 2017 साली ब्रुइन्स आणि सहकाऱ्यांनी डीएनएच्या आधारे ब्रॅकिस्टेल्मा आणि कॅरलुमासारख्या मांसल खोडाच्या वनस्पतीही सेरोपेजियातच घातल्या, आणि प्रजातीचा आकडा सातशेच्या पुढे गेला. या हिशेबात शिवनेरीच्या कड्यावरची आपली शिंदळ माकुडी, जिला डॅल्झेलने 1864 साली फ्रेरिया असे स्वतंत्र प्रजातीचे स्थान दिले होते, तीही आता याच घरात येते. सगळ्यांना हे मान्य नाही. मलाही व्यवहाराच्या दृष्टीने ते अडचणीचे वाटते. पण नाव कोणतेही ठेवा, शिवनेरीच्या कड्यावर तिला बी धरते का, हा प्रश्न नावाने सुटत नाही.

परागणाचे काम दक्षिण आफ्रिकेतल्या जातींवर उत्तम झाले आहे. सेरोपेजिया सँडरसोनीचे फूल हे कोळ्याच्या तोंडी सापडलेल्या मधमाशीसारखा गंध सोडते आणि अशा जखमी मधमाशीचा रस चोखायला येणाऱ्या छोट्या माश्यांना फसवते, असे 2016 साली दाखवले गेले. आपल्या एकेका डोंगरापुरत्या जातींपैकी किती जातींच्या माश्या आपण नावानिशी सांगू शकतो? फारच थोड्या. आणि ही माहिती नसताना आपण संवर्धनाच्या योजना आखतो. विद्यापीठांच्या बागांतून आणि ऊतिसंवर्धनाने रोपे तयार होतात, त्या कामाबद्दल मला आदर आहे. पण रोप डोंगरावर लावले आणि तिथे माशी नसेल, तर कंद जगेल, फुले येतील आणि पुढची पिढी येणार नाही. माशीची अळी कुठे वाढते, गवताला लावलेल्या वणव्यात तिचे काय होते, रस्ता रुंद करताना कडा तासला की काय होते, हे वनस्पतिशास्त्राचेच प्रश्न आहेत. कंद खणून खाणारे गुराखी आणि रानडुकरे यांना आपण सहज दोष देतो, पण परागणाचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. नवी जाती जाहीर करणाऱ्याने त्याच निबंधात, नाही तर पुढच्या दोन पावसाळ्यांत, तीन गोष्टी द्याव्यात : फुलात सापडलेल्या माश्यांचे जपलेले नमुने आणि कीटकतज्ज्ञाकडून त्यांचे कुल, शंभर फुलांमागे किती जोडशेंगा धरल्या, आणि त्या शेंगांतल्या म्हाताऱ्यांपैकी, म्हणजे वाऱ्यावर उडणाऱ्या केसाळ बियांपैकी, किती रुजल्या. नेमके ठिकाण छापू नये, ते वनखात्याकडे आणि संग्रहालयात बंद नोंदीत राहावे, कारण कंद विकत घेणारे हौशी लोक शोधनिबंधही वाचतात. कीटकशास्त्राच्या मंडळींना सोबत घेतल्याशिवाय यातले पहिले काम होणार नाही. सभागृहात त्या विषयाचे कोणी असतील तर त्यांनी कार्यक्रमानंतर थांबावे, येत्या ऑगस्टमध्ये कोणत्या पठारावर जायचे ते आजच ठरवू.