नळदुर्गच्या रस्त्यावरून

मित्रहो, उद्या तुम्ही इथे वाद घालणार आहात : दुसऱ्या देशांत जमिनीवरून लढाई पेटली, तर आपण त्यात उतरावं का? बाजूने आणि विरुद्ध बोलणारे दोन्हीकडचे विद्यार्थी समोर बसलेत, म्हणून आधीच सांगतो. फौज पाठवू नये, असं माझं मत नाही. पण पाठवताना परतीची वाट ठरलेली नसेल, तर पाठवू नये.

सोलापुरात हा विषय पुस्तकातला नाही. हैदराबाद रस्त्याला लागलात की तासाभरात नळदुर्ग येतं. १३ सप्टेंबर १९४८ला मेजर जनरल जयंतनाथ चौधरींचे रणगाडे याच रस्त्याने निजामाच्या हैदराबाद संस्थानात गेले. त्याआधी कितीतरी महिने निजामाच्या पाठीराख्या सशस्त्र रझाकारांच्या धाकाने पलीकडची माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी सोलापूर जिल्ह्यात येत होती. माझी आत्या सांगायची, रात्री दार वाजलं की आजी आधी चुलीवर पाणी ठेवायची, कोण आलंय ते मग विचारायची.

आता वादाच्या दृष्टीने बघा. निजाम सरकारने ऑगस्टमध्येच सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली होती. त्यांच्या लेखी हैदराबाद वेगळा देश होता आणि आपण आक्रमक. दिल्ली म्हणाली, ही घरातली बाब आहे, म्हणून नाव पडलं ‘पोलीस कारवाई’. म्हणजे ‘दुसरा देश’ हा शब्द तुम्ही गृहीत धरून चालता, पण खरं भांडण त्या शब्दापासूनच सुरू होतं. मी त्या कारवाईला मुक्तीच म्हणतो.

पण पुढचंही बोललं पाहिजे. चार-पाच दिवसांत निजाम शरण आला आणि त्यानंतर धाराशिव, गुलबर्गा, बीदर, नांदेड या भागांत मुसलमानांची कत्तल झाली. नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांच्या समितीला पाहणीला पाठवलं. समितीने अगदी कमीत कमी धरून २७ ते ४० हजार मृत्यूंचा अंदाज दिला. काही ठिकाणी जवान आणि पोलिसांचाही हात होता, हेही लिहिलं. तो अहवाल कित्येक दशकं लोकांपुढे आला नाही. रझाकारांनी छळलं हे खरं, आणि ज्यांनी कुणाला छळलं नव्हतं तेही मारले गेले, हेही खरं. रणगाडे कुठल्या रस्त्याने जातील हे ठरलं होतं. ते पुढे गेल्यावर मागच्या गावाची राखण कोण करणार, या प्रश्नाला तेवढं महत्त्व मिळालं नाही. मला वाटतं, प्रत्येक हस्तक्षेपाची खरी परीक्षा इथे असते.

१९७१कडे मी म्हणूनच पुन्हा पुन्हा वळतो. डिसेंबर १९७०च्या निवडणुकीत पूर्व पाकिस्तानातल्या १६२ सर्वसाधारण जागांपैकी १६० अवामी लीगने जिंकल्या. तो कौल लष्कराने रणगाड्यांखाली घातला. एक कोटीच्या घरात माणसं आपल्या हद्दीत आली. आपण युद्धात उतरलो, तेव्हा जग आपल्याबरोबर नव्हतं. ७ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १०४ देशांनी युद्धबंदी आणि सैन्यमाघारीच्या बाजूने मत दिलं, विरोधात फक्त ११. तरीही आपलं चुकलं नाही, असं मी इथे उभा राहून सांगतो. कारण तिथल्या लोकांनी आपलं मत आधीच पेटीत टाकलं होतं. आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाल्यावर मार्च १९७२च्या मध्यापर्यंत आपलं सैन्य परत आलं. जिंकलेली जमीन तीन महिन्यांत ज्याची त्याला देऊन परतणं! विजय दिवसाला आपण ९३ हजार युद्धकैदी आठवतो. मला ती माघारी निघालेली फौज जास्त मोलाची वाटते.

श्रीलंकेत हे जमलं नाही. जुलै १९८७चा करार दोन सरकारांनी केला, ज्यांच्यासाठी केला ते तमिळ वाघ मनापासून त्यात नव्हते. शांतिसेना म्हणून गेलेले आपले जवान ऑक्टोबरपासून त्यांच्याशीच लढू लागले. महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन तिथे पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. सुमारे बाराशे जवानांचा जीव गेला. पुढे कोलंबोनेच ‘आता निघा’ म्हटलं आणि मार्च १९९०मध्ये शेवटची तुकडी परतली. शौर्यात काही कमी नव्हतं. कधी परतायचं, हे निघतानाच कुणी ठरवलं नव्हतं.

युक्रेनचा प्रश्न उद्या निघेलच. १९९४मध्ये त्या देशाने अण्वस्त्रं सोडली, तेव्हा रशिया, अमेरिका आणि ब्रिटनने त्याच्या सीमांचा मान राखण्याचा शब्द दिला होता. २०१४ला क्रिमिया गेला, २०२२ला पूर्ण युद्ध. आपण तिथे फौज पाठवावी, असं कुणीच म्हणत नाही, मीही नाही. पण संयुक्त राष्ट्रांत आपण मतदानाला तटस्थ राहिलो, ते मला पटलेलं नाही. लढाईत न उतरणं वेगळं आणि सीमा कुणी ओलांडली हे न बोलणं वेगळं.

लढाईत न उतरताही माणूस मदतीला जाऊ शकतो, हे तर सोलापूरने दाखवलंय. जपानने चीनवर चढाई केली, तेव्हा आपण स्वतःच पारतंत्र्यात. पाठवायला फौज कुठली? १९३८ला काँग्रेसने पाच डॉक्टर पाठवले. त्यांत आपले द्वारकानाथ कोटणीस, वय सत्तावीस. बाकीचे चौघे परतले. कोटणीस तिथेच राहिले, आघाडीवरच्या जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ला, बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले.

मघाशी एका मुलीने विचारलं, ‘सर, वीस वर्षांनी त्याच चीनने आपल्यावर हल्ला केला. मग त्यांचं जाणं वाया गेलं ना?’ नाही, बाळा. ते पेकिंगच्या पुढच्या सरकारसाठी गेले नव्हते. त्यांच्यासमोर मेजावर जो पडला होता, त्याच्यासाठी गेले होते. त्यांचं घर भैय्या चौकात स्मारक म्हणून जपलंय. उद्या स्पर्धेला येण्याआधी दोन्ही बाजूंच्या मुलांनी तिथे जाऊन या.